पाडव्याची म्हस आन खिशातला आवाज

आमच्या गल्लीत खिशात कंप्युटर घालून फिरणारा पयला माणूस मी. त्यो चालू कुटनं करायचा हे मातर मला आन माज्या म्हशीला सारखंच ठावं हुतं.

माजा मेव्हणा पुण्यात कंप्युटरच्या हापिसात कामाला. हापिसानं त्याला नवं दिलं, तवा गणपतीला येताना जुनं त्यानं मला आणलं. तळहाताएवढी पाटी, वर काच, आन कडंला खोचलेली एक काडी. काडीनं काचंवर टोचलं की आतलं चित्र हालायचं. आत गजर, चित्रं काढायची सोय, आवाज भरून घ्यायची सोय, समदं हुतं. आता असलं घरोघरी पोरांच्या हातात हाय. पर तवा कोल्हापुरात साधा मोबाईल असलेला माणूस बी रस्त्याच्या मधी येऊन बोलायचा, लोकांनी बघावं म्हणून.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, नीट वापरलासा तर रोजच्या कामाला लई उपयोगी हाय. फकस्त चार्जिंग पार संपू देऊ नगा. संपलं की आतलं समदं पुसतंय."

मी मान डोलवली. मान डोलवायला शाळा लागत न्हाय. मी शाळंत जेवढा गेलतो तेवढ्यात मास्तरला माजं नाव बी पाठ झालं न्हवतं.

मेव्हणा गेला आन मला चैन पडंना. एवढी वस्तू घरात आली म्हणल्यावर तिच्याकडनं काम करून घ्याया नको? जनावर कोण नुसतं दावणीला बांधून खाऊ घालतंय का? पयला लावला गजर, पहाटं धारंला उठायला. खरं तर उठवायला म्हस हुतीच, तिच्या वरडण्यानं शेजारचं बी उठायचं. गजर वाजला त्यो मी धारंला बसल्यावर, खिशातनं. म्हस उसळली. चरवी गटारीत, मी शेणात. मग लाईट गेली की काचंचा उजेड पाडून धार काढायची म्हणून मी ती पाटी दातात धरली. बायको म्हणाली, कुत्र्यानं कुणाचा तरी आरसा पळवल्यागत दिसतंय. मग पाडव्याला शिंगं कशी रंगवायची त्याचं चित्र काढलं. काढलं म्हणजे म्हशीसकट काढलं, लई मन लावून. बायकोनं बघितलं आन इचारलं, ही शेळी कुणाची?

तरी हात काय ऱ्हाईना. जेवताना एक हात भाकरीवर, एक खिशात. कट्ट्यावर बसलो तरी दर घडीला काढ, टोच, परत घाल. लोकांना वाटायचं ह्याला खरूज झालीया.

खरी टोचणी येगळीच हुती. पाडवा जवळ आलता.

आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून रस्त्यावर आणत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, पायात तोडं घालायचं. मग मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढून गाडी पुढं पळवणार आन म्हस दोरीबिगर त्याच्या मागं पळणार. गाडीचा आवाज कितीबी असू दे, मालकानं हाळी दिली की तिनं यायला पायजे. आदल्या वर्षी मी हाळी दिली, तर माजी म्हस रस्त्याच्या मधी थांबली, माज्याकडं बघितलं, आन वळून घरला गेली. वर्षभर संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर, गिऱ्हाईकाम्होरं धार काढून इकायला, तिला घेऊन गेलो की गिऱ्हाईकं फेसाळलेल्या दुधाचा गलास तोंडाला लावायच्या आधी इचारायची, पावणं, म्हस तुमचीच न्हवं? आमच्या शेजाऱ्यानं तर सांगून ठेवलं, औंदा आली न्हाय तर दोरी लावून आण, शेरडावानी.

तिचं बी काय चुकत न्हवतं. वैरण टाकायची बायको, पाणी दावायची बायको, अंग घासायची बायको. मी कट्ट्यावर नेऊन धार काढायचो आन गप्पा हाणायचो. म्हशीच्या हिशोबात मी म्हणजे दूध चोरून नेणारा कोणतरी. बायकोनं गोठ्याच्या दारातनं नुसतं "ये गं बाय, ये ये" म्हणलं की तोंडातला घास टाकून यायची. पर पाडव्याला हाळी देणार गडी. बाया कडंला हुब्या राहून बघणार. बायकोला पुढं घालून म्हस पळवली असती तर मला कट्टा सोडून पार राधानगरीच्या जंगलात ऱ्हायला जावं लागलं असतं.

तवा डोस्कं चाललं. आयुष्यात पयल्यांदा चाललं, म्हणून जरा भलतीकडंच गेलं.

एका सकाळी बायको वैरण घेऊन गोठ्यात आली, तवा मी खांबाआड पाटी धरून हुबा राह्यलो आन तिची हाळी भरून घेतली. झकास भरली. फकस्त पुढं थांबवायचं कसं ते सापडंना, त्यामुळं हाळीच्या पुढचं बी थोडं आत गेलं. काय बिघडत न्हाय, म्हणलं, हाळी झाली की आपण काडीनं टोचून बंद करायचं. ती बाजारला गेल्यावर मी पाटी शर्टाच्या खिशात घातली आन वाजवली. म्हशीनं कान टवकारलं. आली, आन माजा खिसा चाटला. मला इतका आनंद झाला की मी तिथंच तिच्या गळ्यात पडलो. तिनं माज्याकडं ढुंकून बघितलं न्हाय, खिसाच चाटत राह्यली.

मग तर माजा जीवच थाऱ्यावर ऱ्हाईना. वाजंल का न्हाय, ऐकंल का न्हाय. दिवसातनं कितींदा वाजवून बघितली त्याला गणती न्हाय. पाडव्याच्या आदल्या दिवशी शिंगं रंगवताना एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात पाटी. बायको म्हणाली, आवं जरा दम धरा, मुंगळं चावल्यावानी करतासा. ह्या गडबडीत पाटी चार्जिंगला लावायची ऱ्हायली.

पाडव्याला रस्ता माणसांनी भरलेला. शेजाऱ्याची म्हस त्याच्या गाडीमागं अशी गेली की लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग माजी पाळी. "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणून गाडी रेस केली, खिशातली पाटी वाजवली, आन तवा मला उमगलं, की सायलेन्सर काढलेल्या गाडीपुढं त्या पाटीचा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढं पिपाणी. मला सवताला ऐकू येईना, म्हशीला काय येणार. ती जाग्यावर हुबी.

मी गाडी बंद केली. लोकं बी गप झाली, ह्याला काय झालं म्हणून. मी पाटी काढून डोक्यावर धरली आन काडीनं टोचलं.

"ये गं बाय, ये ये," पाटी बोलली. म्हशीनं कान टवकारलं, दोन पावलं आली. मी बंद करायला टोचाय गेलो, तर काडी काचंवरनं घसरली. आन पाटी पुढं बोलली, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी:

"आन तुमी काय खांबाआड चोरावानी हुबं ऱ्हायलासा? शेणाची पाटी उचला की."

जो हशा झाला त्यो पार शिरोळपतूर गेला असंल. मी टोचतोय, टोचतोय, आन काच काळी झाली. चार्जिंग संपलं. मेव्हण्यानं सांगितल्यापरमाणं समदं पुसलं गेलं, फकस्त लोकांच्या ध्यानातनं पुसायचं तेवढं ऱ्हायलं. म्हस घराच्या दिशेनं तोंड वळवाय लागली. शेजारी म्हणाला, "दोरी आणू का, पावणं?" मी गाडीला किका मारतोय, तर गाडी बी चालू हुईना.

तवा गर्दीतनं बायको म्होरं आली. तिनं पदर खोचला, माज्या हातातल्या काळ्या पाटीकडं एकदा बघितलं, आन रस्त्याच्या मधनं चालाय लागली. तिनं हाळी दिली, एकदाच, आन मोठ्यानं बी न्हाय. म्हस रंगवलेली शिंगं हालवत तिच्या मागनं पळाली. लोकांनी शेजाऱ्याला मारल्या त्याच्यापेक्षा जोरात शिट्ट्या मारल्या.

मी तिथंच. एका हातात पाटी, एका हातात गाडी.

थोडं पुढं गेल्यावर बायको मागं वळली आन समद्यांच्या देखत म्हणाली, "ही येतीया माज्या मागनं. तुमी बी या, गाडी ढकलत."