दादाच्या गाडीची सीट

दादा परदेशी गेल्यापासून त्याची जुनी मोटरसायकल अंगणात नुसतीच उभी होती. या थंडीत ती मी माझ्यासाठी दुरुस्त करायला घेतली. सकाळच्या कोवळ्या उन्हात बसून हँडल बदललं, नवा दिवा लावला. माझे पाय जमिनीला पोचेनात, म्हणून सीटचा फोम कापून ती खाली केली. पूर्वी दादा मला गाडीला हातही लावू देत नसे. संध्याकाळी त्याचा फोन आला, तेव्हा मी भीतभीतच म्हटलं, "दादा, सीट कापली रे. आता तुला तिच्यावर नीट बसता यायचं नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला. "आता तूच चालव."

मला तो रागवायला हवा होता. ज्याला परत यायचं असतं, तो आपल्या वस्तूंसाठी भांडतो.

आईने आतून विचारलं, "कधी येतोय म्हणाला?"

"तिकडेही फार थंडी आहे म्हणाला," मी सांगितलं आणि अंगणातच बसून राहिले.