रेडिओवरचा समुद्र

सावली गावच्या तलावावर मासे धरून विकणारे एक भाऊ रेडिओ कायम काखेत ठेवत. बंगालच्या उपसागरात वादळ आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं बातम्यांत आलं की ते जाळं गुंडाळून सरळ घरी जात. मी तहसीलचा कारकून, मासळीसाठी आणलेली रिकामी पिशवी घेऊन काठावर उभा.

"भाऊ, समुद्र कुठं अन् तुमचा तलाव कुठं?" एकदा मी शहाणपणा केलाच.

"मालूम हाये जी. पण एवढं मोठं सरकार आमचं नाव घेऊन सांगून राह्यलं. मंग आयकाचं नाई काय?"

बाजारातून वांगी घेऊन मी पावसात भिजत घरी आलो. कारकुनांनी आज बाहेर पडू नये, असं रेडिओनं आजवर एकदाही सांगितलेलं नाही. मी मात्र बातम्या शेवटपर्यंत ऐकतो.