आत्याचं आधार आणि माझी छत्री

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या मंडळी, कारण या किश्श्यात ज्याची फजिती झाली तो मीच. आणि ती मी स्वतःच्या हातानं, रविवारची सुट्टी घालवून, एसटीचं तिकीट काढून करून घेतली!

माझी सुमनआत्या मेडशीला राहते. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता पेन्शनवर आहे. अख्ख्या गावाला इंजेक्शनं देऊन झालेली बाई, त्यामुळे भीती हा प्रकार तिला ठाऊक नाही. एक दिवस तिला मेसेज आला. जिथं तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्या दवाखान्याच्या कम्प्युटरमधून पेशंटची माहिती चोरीला गेली होती.

आत्याचा मला फोन. "काहून रे मिलिंद, माह्या मोतीबिंदूचा चोराले काय उपेग?"

"आत्या, मोतीबिंदू नाही, तुझं आधार आणि पॅन गेलं. तुझ्या नावावर कोणीही कर्ज उचलू शकतो!"

"आन फेडनार कोन?"

"तू!"

"बाप्पा! मंग ये लवकर."

वाशिमच्या कॉलेजात मी ऑफिसात आहे. दिवसभर कम्प्युटरसमोर बसतो, म्हणून घरच्यांना मी मोठा तज्ज्ञ वाटतो. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

रविवारी पोहोचलो. आधी तिच्या नावावर कुठं कर्ज आहे का त्याचा अहवाल काढला. कर्ज नव्हतं. जन्मात कधी घेतलंच नव्हतं, म्हणून कर्जफेडीच्या गुणांच्या जागीही काही नव्हतं.

"म्हंजे मी नापास?" आत्या चिडली. "कोनाचा रुपया नाई ठेवला, आन मीच नापास?"

तिची समजूत घातली आणि आधारवरचे बोटांचे ठसे लॉक करून टाकले. आता चोराचा बापही तिच्या नावानं अंगठा लावू शकणार नव्हता. मग शिकवणी सुरू केली. ओटीपी कोणाला सांगायचा नाही. घाई करणारा, धमकावणारा माणूस चोरच समजायचा. "आणि मी मिलिंद बोलतोय असं कोणी म्हणालं, तरी विश्वास ठेवायचा नाही. आजकाल आवाजाचीही नक्कल होते!"

"मंग खरा तू हायस हे कसं वळखू?"

मुद्दा बरोबर होता. म्हटलं, आपण एक गुप्त शब्द ठरवू. ती म्हणाली, "भरीत ठेव." मी हसलो. इतका सोपा शब्द? मी डोकं लावून ठेवला, 'जांभळी छत्री'. आत्यानं तो मनात पक्का केला.

महिना-दीड महिना गेला. नोव्हेंबर संपत आला आणि कॉलेजात आत्याचा फोन आला. "अरे, हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रावर आली, त मशीन माहा अंगठाच घेऊन नाई राह्यली! इथला पोरगा म्हनते, लॉक हाय. दाखला नाई गेला त पेन्शन थांबते म्हनते!"

चोराचा अंगठा अडवताना आत्याचाही अडतो, हे सांगायचं मी साफ विसरलो होतो!

"घाबरू नको, मी आत्ता…" म्हणालो आणि माझा मोबाइल बंद. रात्रभर घरी लाइट नव्हती, चार्जिंग कुठून असणार?

धावत कम्प्युटरवर बसलो, लॉक उघडायला टाकलं. ओटीपी जाणार आत्याच्या मोबाइलवर. समोर आमचे प्राचार्य उभे. त्यांचा फोन मागून घेतला आणि लावला.

"आत्या, मी मिलिंद. आत्ता ओटीपी आला असेल, तो सांग."

पलीकडून आवाज आला, थंडगार. "शब्द सांग."

शब्द! मेंदू कोरा झाला हो. "आत्या… छत्री!"

"कोनत्या रंगाची?"

"काळी!"

"काळी त साऱ्याइचीच रायते."

"अगं, लवकर सांग, नाहीतर तुझी पेन्शन बंद होईल!"

हे मीच बोललो. मीच शिकवलं होतं, घाई आणि धमकी!

"मुडद्या, लाज नाई वाटत? नर्सबाईले फसवतं?" फोन बंद. पुन्हा लावला, तर उचलेचना.

थोड्या वेळानं प्राचार्यांचा फोन वाजला. ते ऐकत गेले, चेहरा बदलत गेला. फोन ठेवून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोलीस होते. मी मेडशीच्या एका म्हाताऱ्या बाईला धमकावलं म्हणतात. तुम्ही माझ्या फोनवरून नेमकं काय केलंत?"

सांगितलं सगळं. त्यांनी पोलिसांना परत फोन करून कशीबशी थोडी मुदत मागून घेतली आणि मला म्हणाले, "जा आता. आणि येताना माझ्या नावाची तक्रार पुसून या."

मिळेल ती एसटी धरून मेडशी गाठली. आत्या त्या केंद्रावरच बसलेली, शेजारी एक हवालदार चहा पीत होता.

"ये बाबू, बरं झालं आला! तुह्या नावानं चोराचा फोन आलता. आवाज त हुबेहूब तुहाच!"

"आत्या, तो मीच होतो."

"मंग छत्री काळी कायले म्हनला?"

पुन्हा ओटीपी मागवला, तिच्यासमोर बसून लॉक उघडलं, तिनं अंगठा ठेवला आणि मशीननं मुकाट्यानं घेतला. दाखला निघाला तेव्हा आत्यानं त्यावरचं आपलं नाव बोट ठेवून तीनदा वाचलं. तेव्हा कळलं, बाई घाबरली होती, दाखवत नव्हती इतकंच. मला वाईट वाटलं.

हवालदारानं तक्रार मिटवली. जाताना म्हणाला, "आत्याबाईच्या मोबाइलात तुमचं बोलनं रेकॉर्ड झालं हाय. गावातल्या म्हाताऱ्या मान्साइले आयकवू काय? चोर कसा बोलते, त्याचा असा नमुना भेटत नाई." उपकाराखाली दबलेला माणूस नाही कसं म्हणेल?

परवा आत्याला भेटून परत निघालो. एसटीत एका आजीशेजारी बसलो. कंडक्टर आला. म्हणालो, "एक वाशिम द्या."

आजीनं पिशवी छातीशी धरली. "कंडक्टरभाऊ, याले उठवा जी! हाच तो पेन्शनवाला. मी याचा आवाज दोनदा आयकला हाय!"

मागच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. मी काहीतरी समजवायला तोंड उघडलं, तर सगळ्यांनी एकदम पिशव्या आवळल्या.

वाशिमपर्यंत तोंड मिटून, उभा आलो.