फिटरचं विमान

गल्लीत त्याला सगळे फिटर म्हणत. बायकोसुद्धा लोकांसमोर 'आमचे फिटर' म्हणायची, तोंडावर मात्र 'अहो'. तरुणपणी तो हवाई तळावर लढाऊ विमानांच्या दुरुस्तीला होता. पुढचं सगळं आयुष्य पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात गेलं. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, पण तोंडाला कुलूप. "यांच्याकडून शब्द काढणं म्हणजे वाळूतून तेल काढणं," असं ती शेजारणीला सांगायची, आणि घरी शिलाई मशीनशीच काय ते बोलून घ्यायची.

म्हातारपणी त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, आणि नेमका तो डावखुरा. वाचा तेवढी शाबूत राहिली. जन्मात न बोललेला माणूस आता पलंगावरून दिवसभर कुरकुरायचा. चहा गार, उशी उंच, मशीनचा आवाज फार. ती ऐकून घ्यायची. कधी कधी दातांत दोरा धरून मनातल्या मनात उत्तरही द्यायची.

लांबच्या शहरात राहणाऱ्या मुलाने एक खोकं पाठवलं. आत प्लॅस्टिकचे बारीक ठोकळे होते. एकमेकांत दाबत गेलं की जुन्या युद्धातलं लढाऊ विमान तयार व्हायचं. बाबांचा वेळ जाईल, असं मुलगा फोनवर म्हणाला. फिटरने उजव्या हाताने एक ठोकळा दुसऱ्यावर बसवून पाहिला. तो निसटला. पुन्हा बसवला, पुन्हा निसटला. तेव्हा त्याने सगळं खोकंच ढकलून दिलं.

ती गुडघे टेकून पलंगाखालचे ठोकळे वेचत राहिली. वेचता वेचताच म्हणाली, "मी बसवते. तुम्ही सांगा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कोट उसवून पुन्हा शिवते मी. एवढंसं विमान नाही जमायचं?"

दुपारची भांडी झाली की ती पलंगाला टेबल लावायची. तो उशीला टेकून हुकूम सोडायचा. "चुकलं. काढ. अगं, तो लांबट, लांबट घे! डोळे आहेत का बटणं?" तिचे कान किटले. पण विमानाचं पोट भरत आलं तसा तो मधूनच दुसरंही बोलू लागला. असली विमानं त्याच्या काळातही म्हातारीच झाली होती, पण युद्धाला तीच होती. पहाटे इंजिन तापवायचं, काच पुसायची, वैमानिकाचे पट्टे आवळायचे, आणि मग दिवसभर आभाळाकडे बघत बसायचं. संसार इतका जुना झाला, पण हे तिने पहिल्यांदाच ऐकलं.

वैमानिकाची खुर्ची बसवायच्या दिवशी त्याने ती चिमटीत धरून उलटसुलट पाहिली आणि तिला परत दिली. मग म्हणाला, "एक पोरगा होता. निघताना म्हणाला, फिटर, आज उकडतंय, एवढा स्वेटर धर, आल्यावर घेतो."

"मग?"

"आलाच नाही."

"आणि स्वेटर?"

तिच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. मुलगा झाल्यानंतरच्या पहिल्या थंडीत त्याच्या ट्रंकेत तिला एक राखाडी स्वेटर सापडला होता. त्याच्या मापाचा नव्हता, कोपराला विरलेला होता. लोकर चांगली होती, म्हणून तिने तो उसवला आणि तान्ह्या मुलाला अंगरखा नि टोपी विणली. संध्याकाळी कामावरून येऊन त्याने पाळण्यात डोकावलं होतं, आणि हात धुवायला गेला होता.

"अहो, मला एका शब्दाने सांगायचं होतंत."

"बाळाला थंडी वाजत होती ना?" तो म्हणाला. "बसव ती खुर्ची."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. बरंच विचारायचं होतं. त्या वैमानिक पोराची आई होती का, कुणी स्वेटर मागायला आलं होतं का. सवडीने विचारू, असं तिने ठरवलं. पण चार दिवसांतच दुसरा झटका आला. दवाखान्यातून तो घरी परतला तो वाचा गमावून. डोळे उघडे असायचे, पण ते कशावर आहेत हे कळायचं नाही.

तिने टेबल पुन्हा पलंगाला लावलं. खोक्यासोबत आलेल्या पुस्तकातली चित्रं पाहून पंख बसवले, शेपूट बसवली, नाकावरचा पंखा बसवला. मध्ये मध्ये "हे असंच ना?" म्हणून वर बघायची. शेवटी चाकं उरली. तिने मुद्दाम एक चाक उलटं बसवलं, आभाळाकडे तोंड करून. विमान त्याच्या डोळ्यांसमोर धरलं आणि थांबली. आता ओठ हलतील, निदान भुवई तरी चढेल.

तो चाकाकडे बघत होता, किंवा त्यापलीकडच्या भिंतीकडे.

"अहो, चुकलंय ना? रागवा की!" तिचा आवाज चिरकला. "डोळे आहेत का बटणं, म्हणा ना!"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तिने विमान मांडीवर घेतलं, चाक उपटून सरळ लावलं, आणि पदराने त्याच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली.

महिन्याच्या आतच तो गेला. मुलगा आला, सगळं उरकलं, आणि निघताना त्याने विमान मागितलं. बाबांची आठवण म्हणाला. तिने ते टॉवेलात गुंडाळून पुस्तकासकट दिलं. घरी पोचल्यावर त्याचा फोन आला, "आई, बॅगेत त्याचे तुकडे झाले गं. पण काही नाही, पुस्तक आहे ना, मी पुन्हा जोडतो."

"जोड," ती म्हणाली. खुर्चीपाशी आलास की मला फोन कर, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक उभं राहिलं, पँटची उंची कमी करून घ्यायला, आणि तिने फोन ठेवून दिला.