हाकेचा मान

इतिहास शिकवून शिकवून माणूस शहाणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याकडे बघावं. तीस वर्षं पौडच्या शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर वाटलं होतं, आता दोन वेळचा चहा, सकाळचं फिरणं आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेल, एवढ्यावर दिवस जातील. पण गावात राहणाऱ्या मास्तरणीला निवृत्ती नसते. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाच्या लग्नपत्रिकेतली चूक काढून दे, हे चालूच राहतं. त्यातच एक दिवस देवस्थान समितीचा अध्यक्ष पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला.

हा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. इतिहासात काठावर पास होत असे. आता त्याचं रस्त्यालगत प्लॉटिंगचं ऑफिस आहे, गळ्यात जाड चेन आहे, आणि गावातलं पान त्याच्याशिवाय हलत नाही. देवळाचा जीर्णोद्धार नुकताच झाला होता. जुना दगड जाऊन चकचकीत फरशी आली होती आणि आता दर्शनी भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची शिळा बसवायची होती. वर गावाचा इतिहास, खाली यात्रेतल्या मानकऱ्यांची यादी.

"बाई, मजकूर तुमीच लिवायचा," तो म्हणाला. "जरा भारी भाषेत. वाचनाऱ्याची छाती फुगली पायजे."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? विचारणारं कुणी उरलं नाही की पेढासुद्धा सन्मानचिन्ह वाटतो.

आमच्या गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. आडनाव एक, कुळ एक, मूळ पुरुषही एकच. भांडण एवढंच, की तो मूळ पुरुष गावात आला तेव्हा आधी कुणाच्या दारात उतरला. मी पहिला मसुदा लिहिला, त्यात तो नुसता 'आला' होता. वरच्या आळीचं म्हणणं, तो घोड्यावरून आला. ते लिहिलं तर खालच्या आळीला त्याच्या हातात तलवार हवी झाली, कारण ती तलवार म्हणे त्यांच्या माळ्यावर आहे. मग वरच्या आळीतही एक तलवार निघाली. मी म्हटलं, अरे, दोन्ही हातात तलवारी घेऊन हा माणूस लगाम कशानं धरत होता? कुणी हसलं नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळी सहापासून मला दुरुस्त्या येऊ लागल्या. पाचव्या मसुद्यानंतर माझी साखर वाढली आणि डॉक्टरांनी विचारलं, काही टेन्शन आहे का. काय सांगणार?

अशा त्या दिवसांत वरच्या वाडीतली म्हातारी माझ्याकडे आली.

ही वाडी आमच्याच गावची, पण डोंगरावर, दहा-बारा घरांची. माणसं हिरडा, करवंदं गोळा करतात, खाली येऊन रोजंदारी करतात. आमची देवी मूळची त्या डोंगरावरची. तिथं चढून जाणं गावाला होईना, तेव्हा देवीनं सांगितलं म्हणे, यात्रेच्या दिवशी मी खाली येईन, पण माझ्या शेजारच्यानं हाक मारली तरच. तेव्हापासून यात्रेच्या सकाळी वाडीतल्या एका घरचं माणूस देवळाच्या पायरीवर उभं राहतं, डोंगराकडे तोंड करतं आणि तीन हाका देतं. "ये गं बाय, खाली ये." तिसरी हाक झाल्याशिवाय पालखी उठत नाही. त्या घराला दुसरा कसलाही मान नाही. पालखीला त्यांनी खांदा द्यायचा नाही, जेवणाला शेवटच्या पंगतीत बसायचं. फक्त त्या तीन हाकांपुरतं सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत उभं असतं.

म्हातारीचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचा आवाज असा होता की खालच्या खाचरातले बगळे उठायचे. मुलगा पिरंगुटला कंपनीत कंत्राटी कामावर, त्याला यात्रेची सुट्टी मिळत नाही. म्हणून दोन वर्षं म्हातारीच हाक देत होती, चिरक्या आवाजात. मागच्या वर्षी ती पहिली हाक देत असतानाच कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' सुरू केलं होतं.

ती ओसरीवर टेकली, पाणी प्याली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बाई, दगडाव समद्यांची नावं येनार म्हंत्यात. आमची हाक बी घाला. एकच वळ लिवा. म्होरं माज्या नातीला कुनी म्हनाया नगं, तू कोन गं?"

"घालते ना मावशी. ते तर घालायलाच पाहिजे."

"इसरू नगा. न्हाई लिवलं तर न्हाई ऱ्हानार ते. मला कळतंय."

तिला अक्षरओळख नव्हती, पण हे तिला कळत होतं. सहाव्या मसुद्यात मी शेवटची ओळ लिहिली: 'यात्रेच्या दिवशी देवीला पहिली हाक देण्याचा मान वरच्या वाडीतील घराचा आहे.' अख्ख्या मजकुरात तेवढं एकच वाक्य मला शंभर टक्के खरं वाटत होतं.

मजकूर मंजूर करायला देवळाच्या सभामंडपात मीटिंग भरली. आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. इथं सह्या आधी होतात आणि ठराव मागून लिहिला जातो. बाहेरच्याला ही लबाडी वाटेल, पण गावाच्या लेखी तो शहाणपणा आहे. मजकूर वाचून दाखवला की भांडण पेटतं आणि लोक सही न करता चपला घालतात. म्हणून चहा येईपर्यंत, माणसं थंड आहेत तोवर, कोरे कागद फिरवायचे. नंतर अध्यक्ष आणि सचिव बसून वर 'सर्वानुमते' म्हणून काय ते लिहितात. पाण्याच्या टाकीचा ठराव असाच झाला, शाळेच्या कुंपणाचाही असाच. एवढ्या वर्षांत मीही डझनभर कोऱ्या कागदांवर सह्या केल्या असतील.

त्या दिवशी मात्र कागद फिरायच्या आधीच दोन तास घोडा आणि तलवार चालली. शेवटी मूळ पुरुष घोड्यावरून, पण दोन्ही आळ्यांच्या मधोमध उतरला असं ठरलं. माझे गुडघे ठणकत होते, डोकं उठलं होतं. कागद आला. कोराच होता. हजेरीचा असेल म्हणून मी सही केली. म्हातारी मागे, चपलांच्या ढिगाजवळ खांबाला टेकून बसली होती. सचिव शाईचं पॅड घेऊन तिच्याकडे गेला. तिनं हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, दिऊ का?"

मला घरी जायचं होतं. खरं कारण एवढंच.

"द्या मावशी. हजेरीचं आहे," मी म्हटलं. तिचा अंगठा नीट उमटेना, तेव्हा मीच उठून तो पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला.

यात्रेच्या आठ दिवस आधी शिळा बसली. मी चष्मा पुसून वाचली. घोडा होता, तलवारी दोन्ही होत्या, मी न लिहिलेली 'शूर', 'पराक्रमी' वगैरे विशेषणंही होती. हाकेची ओळ नव्हती.

तशीच अध्यक्षाच्या ऑफिसात गेले. त्यानं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि फाइलमधून कागद काढून समोर ठेवला. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, की वरच्या वाडीतील मानकरी कुटुंब वयोमानामुळे हाकेचा मान स्वखुशीने देवस्थान समितीकडे सोपवीत आहे. खाली म्हातारीचा अंगठा. शेजारी माझी सही, आणि सहीवर मागाहून लिहिलेला शब्द: साक्षीदार.

"हे कोणी लिहिलं?"

"समितीनं. दोन्ही आळ्या एकमतानं," तो म्हणाला, आणि त्याला त्याचं खरंच कौतुक वाटत होतं. "बाई, आता यात्रंला मोठी पाव्हनी येत्यात. त्यान्ला काय मान द्यायचा? पालखीला हात लावू दिला तर आळ्या एकमेकांची टाळकी फोडत्यात. नारळाचं बी तसंच. हाकंला कुनाची हरकत न्हाई."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्याकडे तिसऱ्याचं होतं ते गेलं. वर्षानुवर्षं एका वाक्यावर न जुळलेल्या दोन आळ्या याच एका गोष्टीवर जुळल्या.

"मी तहसील कचेरीत तक्रार करीन," मी म्हटलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"जावा की. पौड काय लांब हाय? पन तितं सांगशीला काय? कोऱ्या कागदाव सही केली म्हनून? तुमी? इतिहासाच्या बाई?"

मी गेले नाही. दोनदा साडी बदलून एसटीच्या थांब्यापर्यंत गेले आणि परत आले. एकदा ऊन फार होतं, एकदा गाडी उशिरा होती. कारणं खरी होती, पण ती नसती तरी मी गेले असते असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. जन्मभर इतरांची लढाई फळ्यावर लिहिली. स्वतः उभं राहायची वेळ आली तेव्हा अंगात त्राण नव्हतं, आणि या गोष्टीची मला लाज वाटते.

यात्रेला पाहुणे आले. पांढरे कपडे, मागे चार गाड्या. म्हातारी पहाटेच डोंगर उतरून आली होती, हिरवं लुगडं नेसून पायरीच्या कडेला उभी होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगायचं धाडस मलाही झालं नव्हतं. पाहुणे पायरीवर चढले तेव्हा एक कार्यकर्ता तिला म्हणाला, "आजी, बाजूला व्हा. कागद झालाय तुमचा." ती बाजूला झाली. पाहुण्यांनी मोबाइलमध्ये बघून हाक दिली, डोंगराकडे नाही, कॅमेऱ्याकडे तोंड करून. दुसऱ्या हाकेला स्पीकर किंचाळला. तिसरी राहूनच गेली, कारण त्यांना पुढचा कार्यक्रम होता. ढोल सुरू झाले आणि पालखी उठली. मी गर्दीत मान खाली घालून उभी होते.

तिसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा माझ्या ओसरीवर आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाई, त्यो कागद तुमच्याकडं हाय म्हनं. मला वाचून दावा."

अध्यक्षाच्या ऑफिसात मी फोनवर त्याचा फोटो काढला होता, ते गावभर झालं होतं. तो उघडला. मी काहीही वाचलं असतं तरी तिला पत्ता लागला नसता. पण मी शब्द न् शब्द वाचला. 'स्वखुशीने'सुद्धा.

"पुन्ना वाचा."

पुन्हा वाचला.

"आंगठा माजाच हाय ह्यो?"

"हो मावशी."

तिनं फोटोतल्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा धरून पाहिला. मग म्हणाली, "मंग म्हनले आसंन मी. आता ध्यानात ऱ्हात न्हाई कायबी."

"नाही मावशी, तुम्ही असं काहीच म्हणाला नव्हतात. मी होते ना तिथं. कागद कोरा होता. तो अंगठा मीच..."

तिनं मान हलवली. उलट माझीच समजूत घातल्यासारखी ती म्हणाली, "असं कसं व्हईल? तुमची बी सही हाय न्हवं त्याव? मंग? तुमी कशाला खोट्याव सही कराल, बाई?"

तो टोमणा नव्हता. तिचा खरंच तसा विश्वास होता.