मडमेचं जायफळ

सायबाच्या तीन कुत्र्यांना दगड आहेत. बंगल्याच्या मागं, फणसाखाली. प्रत्येक दगडावर इंग्रजीत नाव कोरलंय. मला ते वाचता येत नाही, पण पावसाळा सरला की मी त्यांच्यावरचं शेवाळ काथ्यानं घासून काढतो. माझा बाप काढायचा, आजा काढायचा. माझ्या बायकोला दगड नाही.

ती मेली त्याला येत्या भाद्रपदात दोन वर्षं होतील. लोक ‘गेली’ म्हणतात. गेली म्हटलं की मला वाटतं बुरोंडीला माहेरी गेली, चार दिवसांनी सुकी मासळी घेऊन येईल. म्हणून मी मेली म्हणतो.

शिक्षण माझं चौथी. लिहिण्यात चुका असतील. नाव मी कुणाचंच लिहिणार नाही, सायबाचं नाही, मालकाचं नाही, बायकोचंसुद्धा नाही. बंगला दापोली तालुक्यात आहे, एवढं पुरे. नावं का नाहीत ते पुढं कळेल.

बंगला बांधला तो सायब इंग्रज नव्हता, आयरिश होता. इंग्रज म्हटलं की त्याला राग यायचा, असं आजा सांगायचा. आजा त्याचा माळी. आयर्लंडात सायबाच्या बापाचं मोठं घर होतं, मोठी जमीन होती. ती सगळी थोरल्या भावाला गेली. हा धाकटा, ह्याच्या हाती काय आलं नाही. मग हा पलटणीत भरती झाला, फिरत फिरत इकडं आला, आणि म्हातारपणी इथल्या कातळावर त्यानं बापाचं घर पुन्हा बांधायला घेतलं. जांभ्या दगडात. चिरा न् चिरा आजानं वाहिलेला.

फाटकाला दोन खांब, खांबांवर दगडाचे गोळे. फाटकाच्या आत लगेच एक लहान घर, राखणदाराचं. ते आमचं. तिथून बंगल्याकडं जायचा रस्ता सरळ नाही, मुद्दाम वाकडा. तिकडं म्हणे असाच असतो, घर एकदम दिसू नये म्हणून. बंगल्यापुढं उतार, उताराच्या शेवटी खोल चर, चराच्या आतल्या अंगाला भिंत. ओट्यावर बसलं की भिंत दिसत नाही, पलीकडं चरणारी गुरं तेवढी दिसतात, आणि ती आत येऊ शकत नाहीत. सायबाला ते फार आवडायचं. आषाढात त्या चरात पाणी भरायचं आणि गावच्या म्हशी त्यात जाऊन बसायच्या. सायब ओट्यावरून बोंबलायचा. म्हशी ढिम्म.

बर्फाची कोठीपण बांधली होती. अर्धी जमिनीत, वर घुमट. मुंबईहून गलबतानं भुशात गुंडाळलेला बर्फ यायचा, बंदरावरून बैलगाडी. कोठीपर्यंत पोचायचा तो ओला भुसा. दोन वर्षं खटपट केली, मग सोडली. तिथं वटवाघळं राहायला आली ती आजवर आहेत. दिवाणखान्यात शेकोटीची जागा आणि धुराडं. पुढं बंगला मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं घेतला, तर त्याच्या बायकोनं त्या शेकोटीत देव मांडले. धुराड्यातून पावसाचं पाणी थेट देवांवर पडायचं. ती म्हणायची, “अभिषेक आहे, असू दे.”

माझी बायको ह्या सगळ्याला हसायची. लग्न होऊन आली त्या पहिल्या पावसाळ्यात तिनं तो चर बघितला आणि धुण्याची पाटी घेऊन त्यातच उतरली. मी म्हटलं, “अगो, हे सायबानं शोभेला केलंय.” ती म्हणाली, “मंग सायबाला सांगा, शोभा झाली, आता कपडे धुवायचे हायत.”

बंगल्याच्या उजव्या अंगाला चार भिंतींची बाग आहे. नुसत्या भिंती, छप्पर नाही. पुरुषभर उंच. तिकडं म्हणे थंडीपासून फळझाडं राखायला असं करतात. इथं थंडी कुठली? पण खारा वारा अडतो, एवढं खरं. सायब मेला, मडम पाचसहा वर्षं एकटी राहिली, तीही विलायतेला गेली, आणि बागेत रान माजलं. मी लहान होतो तेव्हापासून तिथं रानच बघितलंय.

माझी बायको दापोलीला एका नर्सरीत बेणायला, तण काढायला जायची. रोजावर. एक दिवस तिथं वाकडीतिकडी रोपं फेकून दिलेली, त्यातलं एक तिनं उचललं. जायफळाचं. तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून, डोक्यावर घेऊन चालत आली. एसटी चुकली होती असं म्हणाली. मला वाटतं कंडक्टरनं डबा चढवू दिला नसेल. आल्या आल्या मला म्हणाली, “उठा वो. खड्डा काढा.”

“कुठं?”

“त्या भिंतींच्या आत. मधोमध. वारा लागणार नाय.”

“आपली जागा हाय काय ती?”

“झाडाला काय कळतंय जागा कुणाची ते.”

मी खड्डा काढला. मनापासून नाही, शिव्या देत काढला. खाली कातळ लागला, पहार वाकली. तिनं तेवढ्यात सुकी पानं, शेण, मासळीची कुटी आणून ठेवलेली. पहिली दोन वर्षं तिनं त्यावर माडाच्या झापाची सावली केली. उन्हाळ्यात विहिरीवरून दोन हंडे त्याचे आणि मग आमचे.

आम्हांला मूल झालं नाही. लिहून टाकतो, म्हणजे वाचणारा विचार करत बसायचा नाही.

सातआठ वर्षांनी झाड फुलावर आलं. बारीक, पिवळट, घंटीसारखी फुलं. खाली सडा पडायचा. पण फळ एक नाही. नर्सरीतला माणूस येऊन बघून गेला, म्हणाला, “वहिनी, नर निघाला. हा कधी धरायचा नाही. तोडा आणि दुसरं लावा.” जायफळात नर-मादी वेगळी असतात हे तेव्हा मला कळलं. तिला आधीच माहीत असणार. त्या लोकांनी उगाच का फेकलं होतं?

त्या वर्षी व्यापाऱ्याचा नवा मुकादम आंब्याला आला. मासळीच्या खतावर झाड वयापेक्षा थोराड झालं होतं. बागेत शिरला, झाडाला एक फेरा मारला आणि म्हणाला, “बिनफळाचं कशाला उभं? काढा. हापूसचं कलम लावू.”

मी नोकर माणूस. ही मागून आली, पदराला हात पुसत.

“मुकादम, ते मडमेनं लावलंय.”

“कुठल्या मडमेनं?”

“सायबाच्या. सोताच्या हातानं. माझा आजेसासरा उभा होता तेव्हा. मागं एकानं फांदी तोडली, तर त्याच्या तोंडाची चव गेली ती आली नाय. तुमाला तोडायचंच असेल तर तोडा, आमी अडवत नाय.”

मुकादमानं झाडाकडं बघितलं, आपल्या कोयत्याकडं बघितलं, आणि म्हणाला, “राहू दे. जुनं आहे.” तो फाटकाबाहेर गेल्यावर ही भिंतीला टेकून इतकी हसली की खोकला लागला. मी म्हटलं, “एवढी थाप?” म्हणाली, “मी लावलं म्हटलं असतं तर राहिलं असतं काय?”

तेव्हापासून तीच गोष्ट झाली. बंगला बघायला कोणीबाणी यायचं, शाळेच्या सहली, मुंबईचे चाकरमानी. मी फिरवून दाखवायचो. चर, कोठी, धुराडं, कुत्र्यांचे दगड, आणि हे मडमेचं जायफळ. सांगून सांगून माझ्या तोंडात बसलं. ती बाजूला कपडे वाळत घालत असायची. कधी ऐकायची, कधी नाही. आता वाटतं, त्या माणसांसमोर एकदा तरी तिच्याकडं बोट करायला हवं होतं.

ती मेल्यावर मी ठरवलं, आता खरं सांगायचं. जो येईल त्याला सांगायचं, हे माझ्या बायकोनं लावलं. दोघातिघांना सांगितलंही. ते ‘हो का’ म्हणाले आणि पुढं गेले.

ती मेली त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर बंगला पुन्हा विकला गेला. आता तिथं रिसॉर्ट आहे. काम निघायच्या आधी पुण्याची एक बाई आली, नकाशे काढणारी. बरी होती. चहा घ्यायची, कप स्वतः विसळायची. तिच्याबरोबर एक रंगारी, त्याच्या हातात दोन डबे. पांढरा आणि लाल.

“काका,” ती म्हणाली, “साहेबाच्या काळातलं जे आहे ते सगळं ठेवायचं. नंतर कुणी भर घातलीय ती काढायची. तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. तुम्ही सांगा, आम्ही खूण करतो.”

मी सांगत गेलो. फाटकाचे खांब, पांढरा. चर, पांढरा. कोठी, पांढरा. व्यापाऱ्याची पत्र्याची शेड, लाल. कुत्र्यांचे दगड, पांढरा. मग आमच्या घराशी आलो. भिंती सायबाच्या. मागली पडवी बायकोनं चुलीसाठी बांधून घेतलेली, लाल. न्हाणी, लाल. तुळशीजवळचा तिचा कपडे धुवायचा दगड, तो चिरा मीच आणून बसवलेला, लाल. रंगारी पुढं पुढं चालला होता आणि मी खरं सांगत होतो. तिनं ह्या आवारात जिथं जिथं हात लावला होता तिथं तिथं मी लाल खूण करवून घेतली, एका सकाळीत.

मग भिंतींच्या बागेत शिरलो. तिथं पोहायचा तलाव होणार होता. बाई झाडाखाली थांबली, वर बघत राहिली. दुपारीसुद्धा तिथं काळोख असतो.

“केवढं आहे! जायफळ ना? हे कधीचं?”

मी तोंड उघडलं. चाळीसपंचेचाळीस वर्षांचं, माझ्या बायकोनं लावलेलं, हे माझ्या ओठावर होतं.

“बरोबर तलावाच्या मध्ये येतंय,” बाई म्हणाली. “साहेबाच्या वेळचं असलं तर तलाव पलीकडं सरकवावा लागेल.”

रंगाऱ्यानं ब्रश लाल डब्यात बुडवला होता. “बोला वो काका. रंग सुकतोय.”

“मडमेनं लावलं,” मी म्हटलं.

“नक्की?”

“माझ्या आजानं खड्डा काढला. पहार वाकली होती.”

रंगाऱ्यानं ब्रश पुसला आणि पांढरा डबा घेतला. बाईनं वहीत लिहून घेतलं. “काका, ही तर सुंदर गोष्ट आहे. बोर्ड लावू या.”

मी तिथंच खाली बसलो. बाईला वाटलं ऊन लागलं. पाणी दिलं.

दोन दिवसांनी मी तिला विचारलं. “बाई, झाडाखाली एक दगड बसवीन म्हणतो. एवढासा. बायकोच्या नावाचा. खर्च माझा.”

तिनं मालकांना फोन लावला. थोडं लांब जाऊन बोलली. परत आली तेव्हा माझ्याकडं बघत नव्हती.

“काका, नाही म्हणतात. लोक सुट्टीला येणार, त्यांना बरं वाटणार नाही.”

“आणि कुत्र्यांचे?”

“ते हेरिटेज आहेत, काका.”

तिचा काय दोष? तिला मीच तर शिकवलं, काय सायबाचं आणि काय नाही.

बोर्ड आला. पितळेसारखा चकचकीत. वर इंग्रजी, खाली मराठी. मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं. “हे जायफळ बंगल्याच्या मालकीणबाईंनी स्वहस्ते लावले.” स्वहस्ते म्हणजे काय ते रंगाऱ्याला विचारलं. म्हणाला, “सोताच्या हातानं.” हिचे हात मला आठवले. बेणून बेणून बोटं वाकडी झालेली, नखांत माती कायमची. मडमेचे हात मी बघितलेले नाहीत.

तलाव पलीकडं सरकला. झाड उभं आहे.

मला ठेवून घेतलंय, पाहुण्यांना फिरवायला. टोपी दिलीय. संध्याकाळी चहानंतर दहाबारा माणसं जमतात, मी त्यांना खांबांपासून दाखवत नेतो. जायफळाशी आलो की बोर्डावरचं सोडून बाकीचं सांगतो. मडमेनं हे तेलाच्या डब्यात आणलं. डोक्यावर घेऊन, दापोलीहून चालत. एसटी चुकली होती. झापाची सावली केली, आपल्या आधी त्याला दोन हंडे पाणी घातलं. नर निघाला, लोक तोडा म्हणाले, तिनं तोडू दिलं नाही.

परवा एक मुलगी हसायला लागली. “आजोबा, मडम डोक्यावर डबा घेऊन? आणि त्या वेळी एसटी?”

“होय,” मी म्हटलं. “बुटकी होती. चालायला घट्ट होती. फार हसायची, हसली की खोकला लागायचा.”

“तुम्ही पाहिलीत?”

“पाहिली.”

सगळे हसले. मॅनेजर मागं उभा होता. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, बोर्डावर आहे तेवढंच सांगत जा. पाहुणे तक्रार करतात, म्हातारा काहीही बोलतो म्हणून.”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं. काढून टाकतील तेव्हा टाकतील.

आता कळलं असेल, नावं का लिहिली नाहीत. तालुक्यात बंगले आणखी आहेत, जायफळं ढिगानं आहेत. कुणी शोधत आलं तर त्याला बोर्डच दाखवीन. पांढरा पट्टा अजून बुंध्यावर आहे. पावसात थोडा धुतला गेला होता, मी चुना आणून परत मारला.