मुराळी

अमेरिकेनं परक्यांना दार कसं बंद केलं, हे मी नांदेडच्या कॉलेजात नोकरीभर शिकवलं. आधी येईल त्यानं यावं असा मोकळा कारभार. मग रेल्वेचे रूळ टाकून झाले, चिनी मजूर डोळ्यांत खुपायला लागले आणि त्यांना बंदी झाली. पुढे त्या बंदीत आपणही आलो. या धड्यातला एक प्रसंग मी फार रंगवून सांगायचो. काही मजूर परतीचा सरकारी दाखला खिशात घालून आईबापांना भेटायला गावी गेले. परतताना जहाज भर समुद्रात असतानाच तिकडे नवा कायदा झाला आणि दाखले रद्द! बंदर समोर दिसतंय, पण उतरायची सोय नाही. इथं मी मुद्दाम थांबायचो आणि सगळा वर्ग गप्प व्हायचा. चुलीत गेलं माझं ते थांबणं.

बायको जळकोटकडची, शेतकऱ्याच्या घरातली. मी घरात येरझारा घालत हा तास घोकायचो आणि ती ज्वारी निवडत ऐकायची. "लागलं का तुमचं जहाज?" म्हणून चिडवायची.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. लातूरच्या दवाखान्यात ठेवलं, पण डॉक्टरांनी आशा सोडली होती. आमची एकुलती लेक अमेरिकेत. तिथं राहायचे तिचे कागद अडकलेले. देश सोडलास तर परत आत घेतील याची खात्री नाही, असं तिथल्या वकिलानं सांगितलेलं. नवरा तिथं, लहान लेकरू तिथं.

"पंचमी आली. मुराळी धाडा की," बायको रोज म्हणायची. आमच्याकडे नागपंचमीला सासरच्या लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, तो मुराळी. "हाव, धाडतो," मी म्हणायचो आणि तोंड फिरवायचो.

एका दुपारी मी बायकोच्या खाटेशी बसलो असताना लेकीचा फोन आला. "बाबा, काय व्हायचं ते होऊ द्या. मी तिकीट काढून राहिले."

ये म्हणू की नको म्हणू? बायकोनं हात पुढं करून फोन घेतला.

"नगं येऊ, माय. तुला परत घेतलं न्हाई तर लेकरानं कुणाकडं बघावं?"

फोन माझ्याकडं देत म्हणाली, "तुमचं जहाज ध्यानात हाय माझ्या."

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि लोकांसमोर रडलो. त्यानंतर तिनं मुराळ्याचं नाव काढलं नाही. मला वाटत होतं, एकदा तरी काढावं. पंचमीच्या आधीच ती गेली. लेकीनं मोबाइलवर आईला जाताना पाहिलं.

थंडी सरता सरता लेकीचे कागद झाले. आता जाण्यायेण्याची मोकळीक होती. "बाबा, मला न्यायला येताल का?" तिनं विचारलं. मी पहाटेच नांदेडहून निघालो आणि दुपारी हैदराबादच्या विमानतळावर जाऊन उभा राहिलो. एवढा उशिरा निघालेला मुराळी आमच्या मुलखात दुसरा नसेल.

ती लेकराला कडेवर घेऊन बाहेर आली. मला बघून हसली, आणि मग सवयीनं माझ्या मागे कोण आहे ते बघायला लागली.